मुंबई ते न्यूयॉर्क : अंतर किती आणि तास किती

मुलगी न्यू जर्सीत स्थिरावली, घर घेतलं, आता बाळ होणार आहे, आणि आईबाबांचं पहिल्यांदाच अमेरिकेला जायचं ठरलं, की घरात सगळ्यात आधी दोन प्रश्न निघतात. किती लांब आहे? आणि किती वेळ लागतो? फोनवर शोधलं तर पहिल्या प्रश्नाचं उत्तर चटकन मिळतं : सुमारे १२,५४० किलोमीटर. दुसऱ्याचं मात्र एका ठिकाणी चौदा तास, दुसऱ्या ठिकाणी सोळा, तिसऱ्या ठिकाणी बावीस. तिकीट पाहावं तर रात्री दीडला निघून त्याच दिवशी सकाळी आठला पोहोचायचं, म्हणजे जेमतेम साडेसहा तास! यातला प्रत्येक आकडा बरोबर आहे, फक्त प्रत्येक जण वेगळी गोष्ट मोजतोय. ते आकडे एकमेकांपासून सोडवून घेतले, की कोणतं तिकीट काढावं, घरून कधी निघावं, औषधं कशी घ्यावीत, घ्यायला येणाऱ्याला कोणती वेळ सांगावी, हे सगळं आपोआप सुटत जातं. माझा आग्रह एकच आहे : तिकीट निवडताना किलोमीटरवर जाऊ नका, आपल्या दारापासून मुलीच्या दारापर्यंतचे तास मोजा. तरीही सुरुवात किलोमीटरपासूनच करू, कारण पुढची बरीच कोडी तिथेच आहेत.

नकाशावरची रेघ आणि पृथ्वीवरची रेघ

शाळेच्या भिंतीवर असतो तसा जगाचा सपाट नकाशा घ्या. मुंबई आणि न्यूयॉर्क पट्टीने जोडा. ती रेघ अरबी समुद्र ओलांडून मदिनेजवळून जाते, मग इजिप्त, लिबिया, अल्जेरिया, मोरोक्कोतलं मराकेश, आणि पुढे सगळा अटलांटिक. मर्केटर पद्धतीच्या नकाशावरची ही सरळ रेघ प्रत्यक्षात मोजली तर सुमारे १४,२०० किलोमीटर भरते. आता पृथ्वीगोल घ्या आणि त्यावर मुंबईपासून न्यूयॉर्कपर्यंत दोरा ताणून धरा. दोरा पश्चिमेला जाणारच नाही. तो उत्तरेकडे, किंचित पश्चिमेला कलून निघेल; कच्छ, सिंध, क्वेट्ट्याचा परिसर, अफगाणिस्तान, तुर्कमेनिस्तान, मग थेट मॉस्कोच्या आसपास. तिथून स्वीडन, नॉर्वे, आइसलँडच्या अलीकडचा समुद्र, ग्रीनलंडचं दक्षिण टोक, कॅनडातला लॅब्राडॉर, आणि मग वरून खाली न्यूयॉर्क. आर्क्टिक वर्तुळाच्या थोडं खाली, जवळजवळ ६५ अंश उत्तर अक्षांशापर्यंत हा दोरा चढतो. हा मार्ग भरतो १२,५४० किलोमीटर. म्हणजे सपाट नकाशावर वेडावाकडा दिसणारा मार्ग सरळ दिसणाऱ्या मार्गापेक्षा दीड हजार किलोमीटरहून अधिक जवळचा आहे. भूगोलात याला बृहद्वृत्त म्हणतात. नातवंडांना घेऊन हा दोऱ्याचा प्रयोग जरूर करावा. पुस्तकातल्या आकृतीपेक्षा तो फार लवकर पटतो.

पहिल्यांदा प्रवास करणारे बरेच जण समोरच्या पडद्यावर विमान उत्तरेकडे चाललेलं पाहून अस्वस्थ होतात. काळजीचं कारण नाही, जवळचा रस्ता तिकडूनच आहे.

आकड्यांचं आणखी एक पथ्य पाळा. हेच अंतर कुठे १२,५४० लिहिलेलं असतं, कुठे ७,७९०, तर कुठे ६,७७०. पहिला आकडा किलोमीटरचा, दुसरा रस्त्यावरच्या मैलांचा आणि तिसरा सागरी मैलांचा. वैमानिक सागरी मैल वापरतात आणि एक सागरी मैल म्हणजे १.८५२ किलोमीटर. दोन वेबसाइटवरच्या आकड्यांत तफावत दिसली, तर आधी एकक पाहा. शिवाय हे सगळे आकडे विमानतळ ते विमानतळ अशा सर्वांत आखूड रेषेचे आहेत. प्रत्यक्षात विमान वारा पाहून, वादळं टाळून, ज्या देशांनी परवानगी दिली त्यांच्याच आकाशातून जातं, त्यामुळे उड्डाण नेहमीच यापेक्षा लांब होतं.

जाताना सोळा, येताना चौदा

मोठी प्रवासी विमानं साधारण ताशी ९०० किलोमीटर वेगाने जातात. १२,५४० ला ९०० ने भागा, जवळपास चौदा तास येतात. पण मुंबईहून न्यूयॉर्कला थेट जायला विमानाला सोळा तासांच्या आसपास लागतात आणि परत येताना चौदा-साडेचौदा. अंतर तेच, विमान तेच, मग हे दीड-दोन तास जातात कुठे?

ते वाऱ्यात जातात. जमिनीपासून नऊ ते बारा किलोमीटर उंचीवर, म्हणजे नेमकं विमानं उडतात त्या थरात, पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहणारे अतिवेगवान वाऱ्यांचे पट्टे आहेत. इंग्रजीतला जेट स्ट्रीम हा शब्द आता आपल्याकडच्या हवामानाच्या बातम्यांतही रुळलाय. हिवाळ्यात हे वारे फार जोर धरतात. ताशी दोनशे किलोमीटर ही त्यांना नवलाची गोष्ट नाही. न्यूयॉर्कला जाताना वारा तोंडावर असतो, येताना पाठीवर. विमानाचा हवेतला वेग तोच राहतो, पण जमिनीवरून मोजलेला वेग शंभर किलोमीटरने घटतो किंवा वाढतो. फेब्रुवारी २०२० मध्ये अशाच एका प्रचंड वाऱ्याचा फायदा घेत ब्रिटिश एअरवेजचं एक जंबो जेट न्यूयॉर्कहून लंडनला ४ तास ५६ मिनिटांत पोहोचलं होतं. एरवी त्या प्रवासाला सहा-साडेसहा तास लागतात.

यातून एक ठोकताळा हाती येतो आणि तो कोणत्याही दोन शहरांना लावता येतो. अंतराला ९०० ने भागा. धावपट्टीपर्यंत सरकणं, चढणं, उतरणं यासाठी अर्धा-पाऊण तास मिळवा. प्रवास लांबचा आणि पश्चिमेकडे असेल तर आणखी एक-दीड तास जोडा. पूर्वेकडे असेल तर काही जोडू नका. मुंबई-लंडन ७,२०० किलोमीटर : जाताना साडेनऊ-दहा तास, येताना नऊच्या आसपास. मुंबई-टोकियो साधारण ६,७५० किलोमीटर : इथे उलटं, जाणं लवकर आणि येणं उशिरा, कारण टोकियो पूर्वेला आहे. नैरोबीसारख्या विषुववृत्ताजवळच्या शहराकडे जाताना या वाऱ्यांचा प्रश्न फारसा येत नाही.

तिकिटावर छापलेली वेळ मात्र हवेतल्या तासांपुरती नसते. विमान मुंबईच्या दारातून सुटतं तिथपासून न्यूयॉर्कच्या दाराला लागतं तिथपर्यंतची ती वेळ असते आणि त्यात कंपनीने थोडी सवडही धरलेली असते. म्हणूनच तासभर उशिरा उडालेलं विमान कधीकधी वेळेवर पोहोचतं. उड्डाणाला उशीर झाला म्हणून लगेच हवालदिल होऊन अमेरिकेतल्या मुलांना काळजीत टाकू नका.

बंद आकाश

ताणलेल्या दोऱ्याच्या वाटेवर पाकिस्तान, अफगाणिस्तान आणि रशिया येतात हे वर लक्षात आलं असेल. अडचण तिथेच आहे. फेब्रुवारी २०१९ मध्ये पाकिस्तानने आपलं आकाश बंद केलं, ते जुलैच्या मध्यावर पूर्ण उघडलं. एप्रिल २०२५ पासून त्या देशाने भारतीय विमान कंपन्यांना पुन्हा मज्जाव केला. ऑगस्ट २०२१ नंतर बहुतेक कंपन्या अफगाणिस्तान टाळू लागल्या. फेब्रुवारी-मार्च २०२२ पासून रशियाचं आकाश अमेरिकी आणि युरोपीय कंपन्यांना बंद आहे, भारतीय कंपन्यांना मात्र ते खुलं राहिलं. जून २०२५ मध्ये इराण-इस्रायल संघर्षात आखाताच्या भागातले मार्गही काही दिवस विस्कळीत झाले.

मुंबईकरांना यात एक दिलासा आहे. मुंबई समुद्रकाठी असल्याने विमान अरबी समुद्रावरून ओमानच्या बाजूने निघून तुर्कस्तान, युरोप असं जाऊ शकतं. इस्तंबूलवरून वळसा घेतला तरी मुंबई-न्यूयॉर्क अंतर साधारण १२,९०० किलोमीटरच होतं, म्हणजे वाढ तीन-चारशे किलोमीटरची. दिल्लीच्या विमानांना मात्र आधी खाली दक्षिणेकडे यावं लागतं, आणि म्हणूनच २०२५ मध्ये दिल्लीहून अमेरिकेला जाणाऱ्या काही विमानांना इंधनासाठी युरोपात थांबावं लागलं. सोळा तासांच्या उड्डाणाला शंभर टनांहून अधिक इंधन लागतं. वाट लांबली की इंधन वाढतं, इंधन वाढलं की वजन वाढतं, आणि मग कधी माणसं कमी घ्यावी लागतात, कधी सामान, नाहीतर वाटेत उतरावं लागतं.

वाचकाने काय करायचं? तिकीट काढण्याच्या दिवशी गेल्या वर्षीची माहिती प्रमाण मानू नये. एखाद्या विमान-मागोवा देणाऱ्या ॲपवर ज्या विमानाचं तिकीट काढणार आहात त्याचे मागच्या आठवड्याचे दिवस उघडा. ते खरोखर किती वाजता निघालं, किती वाजता पोहोचलं, कुठून गेलं, वाटेत थांबलं का, हे सगळं दिसतं. पाच-सात दिवस पाहिलेत तर जाहिरातीपेक्षा जास्त कळेल. आणि तिकिटावर ‘नॉन-स्टॉप’ लिहिलंय का ते पाहा. ‘डायरेक्ट’ लिहिलेलं विमान वाटेत एखाद्या शहरात उतरू शकतं. क्रमांक एकच राहतो एवढंच.

घड्याळाचं गणित

आता तो साडेसहा तासांचा घोळ. विमान तिकिटावर सुटण्याची वेळ निघण्याच्या गावाची असते आणि पोहोचण्याची वेळ पोहोचण्याच्या गावाची. जगभर हाच नियम आहे. त्यामुळे दोन्ही वेळा एकाच घड्याळात आणल्याशिवाय वजाबाकी करायची नाही.

न्यूयॉर्क आपल्या मागे आहे : उन्हाळ्यात साडेनऊ तास, हिवाळ्यात साडेदहा तास. फरक पडतो कारण अमेरिकेत मार्चच्या दुसऱ्या रविवारी घड्याळ तासभर पुढे करतात आणि नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी मागे आणतात. आपण भारतात घड्याळाला हात लावत नाही. युरोपातही घड्याळ फिरतं, पण मार्च आणि ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी. म्हणजे मार्चमध्ये दोन-तीन आठवडे आणि ऑक्टोबर-नोव्हेंबरच्या सांध्यावर एक आठवडा लंडन आणि न्यूयॉर्क यांच्यातला वेळेचा फरकही नेहमीपेक्षा वेगळा असतो. या दिवसांत लंडन किंवा फ्रँकफर्टमार्गे प्रवास असेल, तर वेळा दोनदा तपासा.

उदाहरण घेऊ. मे महिन्यात मुंबईहून रात्री १.३० ला निघालात, सोळा तास लागले. भारतीय वेळेनुसार संध्याकाळचे ५.३० होतील. साडेनऊ तास वजा करा : न्यूयॉर्कमध्ये सकाळचे आठ. तारीख तीच. हाच प्रवास जानेवारीत केला, तर तिथे सकाळचे सात वाजलेले असतील. परतीला न्यूयॉर्कहून सकाळी ११.३० ला निघालात तर त्या क्षणी आपल्याकडे रात्रीचे नऊ. साडेचौदा तासांनी मुंबईत पोहोचाल तेव्हा दुसऱ्या दिवशीचे सकाळचे ११.३०. तिकिटावर वाटतं पूर्ण दिवस गेला, पण खुर्चीत बसायचं आहे साडेचौदा तास.

यात सगळ्यात महागडी चूक तारखेची होते, आणि ती जाणत्या घरांतही होते. मुंबईहून अमेरिकेची बरीच विमानं मध्यरात्रीनंतर सुटतात. तिकिटावर १६ तारीख, वेळ ००.४५ असेल, तर विमानतळावर १५ तारखेच्या रात्री साडेनऊला पोहोचायचं आहे. १६ च्या रात्री गेलात तर विमान एक दिवस आधीच गेलेलं असतं. कॅलेंडरवर १६ वर खूण करू नका. १५ च्या चौकोनात ‘रात्री विमानतळ’ असं लिहा. गाडीवाल्यालाही ‘१५ ची रात्र’ असंच सांगा.

थांबा घ्यावा का

आता आपण मुद्द्याच्या गाभ्याशी आलो. वाटेत थांबून जाणारं तिकीट स्वस्त असतं आणि बहुतेकांना वाटतं की वळसा पडतो म्हणून ते लांबतं. अंतरं पाहा. मुंबई-दुबई सुमारे १,९३० किलोमीटर, दुबई-न्यूयॉर्क ११,०२०; मिळून १२,९५०. मुंबई-लंडन ७,२०० आणि लंडन-न्यूयॉर्क ५,५४०, मिळून १२,७४०. मुंबई-दिल्ली १,१४० आणि दिल्ली-न्यूयॉर्क ११,७६०, १२,९००. सरळ मार्ग १२,५४०. म्हणजे वळसा दोनशे ते चारशे किलोमीटरचा, विमानाच्या वेगाने पंधरा ते तीस मिनिटांचा! तरीही एकूण प्रवास सोळाचा बावीस किंवा सव्वीस तास होतो. ते वाढलेले तास जवळजवळ सगळे विमानतळावरच्या बाकावरचे आहेत. म्हणून मधल्या थांब्याची तिकिटं एकमेकांशी ताडताना कोणतं शहर यापेक्षा थांबा किती तासांचा, दिवसा की रात्री, एकाच टर्मिनलमध्ये की दुसऱ्या, हे पाहा.

माझं मत स्पष्ट आहे. साठी ओलांडलेल्या, पहिल्यांदा जाणाऱ्या, इंग्रजी बोलायला कचरणाऱ्या माणसांनी शक्य असेल तर थेट विमान घ्यावं. एकदा बसलं की पोहोचेपर्यंत काही शोधायचं नसतं. ज्यांना गुडघे, पाठ किंवा रक्ताभिसरणाचा त्रास आहे, ज्यांना सोळा तास सलग बसणं झेपणार नाही, त्यांच्यासाठी मात्र तीन-चार तासांचा एक थांबा औषधासारखा आहे. चालता येतं, नीट पडता येतं, शांतपणे खाता येतं. दीड तासाचा थांबा ज्येष्ठांसाठी घेऊ नये, मग वेबसाइट तो कितीही विश्वासाने दाखवो. विमान अर्धा तास उशिरा आलं, सुरक्षा तपासणीची रांग लागली, दार टर्मिनलच्या दुसऱ्या टोकाला निघालं, की धावाधाव. आणि दहा-बारा तासांचा रात्रीचा थांबा हॉटेलशिवाय घेऊ नये. वाचलेले पैसे पुढच्या आठवड्यात थकव्याने वसूल होतात. डिसेंबर-जानेवारीत दिल्लीमार्गे जाणार असाल तर तिथलं धुकं लक्षात घेऊन थांबा सढळ ठेवा. जुलैत मुंबईच्या पावसाबद्दल हेच.

काहीही झालं तरी सगळा प्रवास एकाच तिकिटावर, म्हणजे एकाच पीएनआरवर असू द्या. पहिलं विमान उशिरा आल्याने दुसरं चुकलं तर पुढच्या विमानात बसवण्याची जबाबदारी कंपनीवर येते. दोन वेगळी तिकिटं जोडून तीन-चार हजार वाचवले आणि दुसरं विमान चुकलं, तर नवं तिकीट तुमच्या खिशातून. मधल्या देशात ट्रान्झिट व्हिसा लागतो का, हेही तिकीट काढण्याआधी त्या देशाच्या अधिकृत वेबसाइटवर पाहा. अमेरिकेचा वैध व्हिसा असेल तर अनेक ठिकाणी सूट मिळते, पण नियम बदलत राहतात आणि ऐकीव माहितीवर कुणीही विसंबू नये.

न्यूयॉर्कच्या पुढे रॅले, डॅलस किंवा सिएटलला जायचं असेल, तर आणखी एक हिशेब आहे. अमेरिकेत ज्या विमानतळावर पहिल्यांदा उतरता तिथेच इमिग्रेशन होतं, तिथेच पट्ट्यावरून बॅगा घ्याव्या लागतात, कस्टम्समधून बाहेर पडून त्या पुन्हा द्याव्या लागतात. बॅगेवरच्या चिठ्ठीवर शेवटच्या गावाचं नाव असलं तरी हे चुकत नाही. या सगळ्यासाठी किमान तीन तास ठेवा. अबू धाबीत मात्र अमेरिकेचं इमिग्रेशन विमानात बसण्याआधीच उरकण्याची सोय २०१४ पासून आहे. तिथून जाणारं विमान अमेरिकेत देशांतर्गत विमानासारखं उतरतं. मात्र वाचलेला वेळ अबू धाबीत द्यावा लागतो, म्हणून तिथला थांबा लांब असलेला बरा.

दारापासून दारापर्यंत

आता खरे तास मोजू. कोल्हापूरचं एक जोडपं न्यू जर्सीतल्या एडिसनला लेकीकडे निघालंय असं धरा. विमान रात्री १.३० चं. तीन तास आधी, म्हणजे १०.३० ला सहारच्या टर्मिनल दोनवर पोहोचायचं. कोल्हापूर ते मुंबई गाडीने आठ तास, आणि पुण्याचा बाह्यवळण रस्ता, घाट, शीव-पनवेल यांच्यासाठी दोन तास हातचे. म्हणजे घरून दुपारी साडेबाराला निघणं आलं. न्यूयॉर्कच्या जेएफके विमानतळावर तिथल्या सकाळी आठला उतरणार. इमिग्रेशनची रांग आणि बॅगा यांत दीड-दोन तास. तिथून एडिसनला गाडीने वाहतुकीप्रमाणे दीड तास. लेकीच्या दारात साडेअकरा. आपल्या घड्याळात दुसऱ्या दिवशीच्या रात्रीचे नऊ. एकूण साडेबत्तीस तास. त्यात विमानातले सोळाच. थांबा घेऊन गेलात तर हेच चाळिशीच्या घरात जातं.

असं मांडलं की काही निर्णय लगेच बदलतात. कोल्हापूर, सांगली, सोलापूर, नाशिक, रत्नागिरीच्या माणसांनी एक दिवस आधी मुंबईत नातेवाइकांकडे येऊन थांबावं, दुपारी नीट झोप घ्यावी आणि मग विमानतळ गाठावा. न्यू जर्सीत जायचं असेल तर नेवार्क विमानतळाची तिकिटंही पाहावीत. नेवार्क न्यू जर्सीतच आहे आणि तिथून एडिसन अर्ध्या-पाऊण तासावर. थेट विमान जेएफकेला आणि थांब्याचं नेवार्कला असेल, तर तुलना दारापासून करा, म्हणजे फरक वाटतो तेवढा मोठा राहत नाही. आपल्या बाजूलाही आता मुंबईचा जुना विमानतळ आणि नवी मुंबईचा नवा असे दोन आहेत. तिकिटावर कोणता, ते नीट वाचा, विशेषतः गोवा किंवा नागपूरहून येऊन पुढे जाणार असाल तर.

व्हीलचेअरची नोंद तिकीट काढतानाच करा आणि ती दोन्ही बाजूंना हवी हे सांगा. चालता येत असूनही लांब अंतर झेपत नसेल तर मागायला संकोच नको. जेवणाची नोंदही तेव्हाच. शाकाहारी असाल तर ‘एशियन व्हेजिटेरियन’ निवडा. ‘हिंदू मील’ म्हणजे शाकाहारी असा अनेकांचा समज असतो, पण त्यात गोमांस नसलं तरी कोंबडी, मटण किंवा मासे असू शकतात.

शरीराचं वेळापत्रक

विमानात हवेचा दाब सहा ते आठ हजार फुटांवर असतो तेवढा ठेवलेला असतो. महाबळेश्वरहूनही उंच जागी सोळा तास बसण्यासारखं ते आहे. हवा अतिशय कोरडी असते. हृदयविकार, दमा किंवा अलीकडे शस्त्रक्रिया झालेल्यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय तिकीट पक्कं करू नये. चार तासांहून लांब प्रवासात पायात रक्ताच्या गाठी होण्याचा धोका वाढतो. म्हणून मधल्या वाटेलगतची खुर्ची घ्या, जागेपणी तासाभराने उठून चार पावलं टाका, बसल्या जागी घोटे फिरवा, पाणी पीत राहा. डॉक्टरांनी सांगितलं तर घट्ट मोजे घाला.

मधुमेह आणि रक्तदाबाच्या गोळ्यांचा प्रश्न अनेक जण विमानात बसल्यावर काढतात. तो आठवडाभर आधी सोडवायचा आहे. पश्चिमेला जाताना तुमचा दिवस साडेनऊ तासांनी लांबतो, म्हणजे दोन डोसांमध्ये नेहमीपेक्षा जास्त अंतर पडू शकतं. परत येताना दिवस आखडतो. इन्शुलिन घेणाऱ्यांनी तर डॉक्टरांकडून तासांनिशी लिहून आणावं, आणि डॉक्टरांना तिकीट दाखवून, कारण ‘अमेरिकेला चाललोय’ एवढ्या माहितीवर वेळापत्रक ठरत नाही. विमानात हातातलं एक घड्याळ भारतीय वेळेवरच राहू द्या, औषधांसाठी ते सोपं पडतं. सगळी औषधं आणि चिठ्ठ्या हातातल्या बॅगेत. इन्शुलिन मालाच्या कप्प्यात जाणाऱ्या बॅगेत टाकू नका, तिथे ते गोठण्याची भीती असते.

पोहोचल्यावर झोपेचं चक्र बसायला आठवडा जाईल असं धरा. साधारण एका तासाच्या फरकाला एक दिवस असं म्हणतात, काहींना त्याहून लवकर जमतं. पश्चिमेला गेल्यावर संध्याकाळीच डोळे मिटतात आणि पहाटे तीनला टक्क जाग येते. संध्याकाळी उजेडात फिरायला जा, जेवण तिथल्या वेळेला करा, दुपारी झोपलात तर अर्ध्या तासात उठा. भारतात परतल्यावर होणारा त्रास बहुतेकांना जास्त वाटतो, कारण पूर्वेला येताना शरीराला लवकर झोपायला शिकवावं लागतं आणि ते अवघड असतं. त्यामुळे परतल्यानंतर चार दिवसांत घरी पूजा, लग्न, बँकेची कामं किंवा लांबची गाडी स्वतः चालवणं ठेवू नका.

घ्यायला येणाऱ्यांसाठी एक शेवटचं सांगणं. आईबाबांच्या विमानाचा क्रमांक ॲपमध्ये टाकून ठेवा आणि विमान उतरल्यावर दीड तासाने बाहेरच्या दाराशी या. व्हीलचेअर असेल तर त्यांना रांगेतून लवकर आणतात असा अनुभव असतो, पण एकाच वेळी अनेकांनी मागितली असली तर उलट थांबावंही लागतं. त्यांचा फोन तिथे चालेलच असं नाही, म्हणून तुमचा नंबर आणि घरचा पत्ता कागदावर लिहून त्यांच्या पासपोर्टच्या पाकिटात आधीच घालून द्या. इमिग्रेशनच्या खिडकीवरही कुठे राहणार, हे विचारतातच.